ताशी सत्तेचाळीस माणसं

विमानतळाच्या कुठल्याशा समितीवर तुमची वर्णी लागली? अभिनंदन! आता टर्मिनल केवढं हवं, ते तुम्हीच ठरवायचं. घाबरू नका. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळाच्या नूतनीकरण केलेल्या इमारतीची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवासी अशी सांगितली जाते. तो आकडा आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, एवढं भांडवल बास. आधी ३६५ने भागा, मग २४ने. ताशी सत्तेचाळीस माणसं! एवढी तर सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर उभी असतात. पत्र्याची शेड, चार बाकडी, विषय संपला.

बैठकीत एखादा शहाणा निघतोच. तो म्हणेल, विमान माणसं नळाच्या धारेसारखी सोडत नाही, सत्तर-पंचाहत्तरांची घागर एकदम उपडी करतं. एकाला उशीर झाला आणि दुसरं वेळेवर उतरलं, की येणारे-जाणारे मिळून पावणेतीनशे-तीनशे जण एकाच तासात. उरलेला वेळ झाडूवाला आणि जवान एकमेकांकडे बघत बसणार. म्हणून इमारत वर्षाच्या सरासरीवर नाही, गर्दीच्या तासावर मापतात. आणि विमानतळ जितका लहान तितका वर्षातला मोठा वाटा त्या एकाच तासात येतो, कारण दिवसाकाठी विमानंच मोजकी. सगळं खरं आहे. त्याला चहा पाजा आणि पुढचा विषय घ्या.

नाहीच ऐकलं, तर थेट दुसरं टोक गाठा. वर्षातला सगळ्यात खच्चून गर्दीचा दिवस धरा. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि आषाढीचं पंढरपूर एकाच दिवशी आलं असं समजून बांधा. नियोजनवाले असा दिवस मुद्दाम सोडून देतात आणि नेहमीच्या गर्दीचा दिवस धरतात. पोरीच्या लग्नाची पंगत उठवायची म्हणून कुणी घराला दिवाणखाना जोडत नाही, दारात मांडव घालतो. पण मांडवाला कोनशिला कुठं बसवणार?

काउंटर किती लागतील, याचा हिशेब दुसऱ्या गावातून आणा. तिथं माणूस लॅपटॉपची पिशवी घेऊन येतो, दोन मिनिटांत सुटतो. आपल्याकडे काय होतं ते बघायचं कारण नाही. काट्यावर बॅग अठरा किलो भरते, सूट पंधराची. वहिनी तिथंच फरशीवर बसकण मारतात, चेन उघडतात. शेंगाचटणीचा डबा पर्समध्ये, कडक भाकरीचं पुडकं दादांच्या काखेत, तरी एक किलो जास्तच. मग चादर निघते आणि आजोबांच्या खांद्यावर जाते, मे महिन्यात. मागची रांग या संसाराला वळसा घालून दाराबाहेर. दोनाची तीन मिनिटं झाली, की दोन काउंटरवर सत्तर माणसांना ७० ऐवजी १०५ मिनिटं लागतात. तेवढ्यात विमान सुटलेलं असतं. तुम्ही नकाशात मात्र सडपातळ, बिनबॅगेची माणसं काढा. छान दिसतात.

बसलेल्या प्रवाशाला दीड-पावणेदोन चौरस मीटर जागा द्यावी, असं आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, माप आहे. त्यात निरोप द्यायला आलेले धरू नका. पोरगं बेंगळुरूला निघालं, की काका, आत्या, शेजारचे आणि जीपचा ड्रायव्हर असे अकरा जण येतात. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून ते पोर्चमध्ये थांबतात आणि विमान दिसेनासं होईपर्यंत हलत नाहीत. पोर्च तेवढा अरुंद ठेवा, म्हणजे आपुलकी टिकते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. इमारत पुढं ज्या अंगाला वाढवता येईल, नेमक्या त्याच अंगाला पाण्याची टाकी, विजेचं सबस्टेशन आणि शौचालयं आधी उभी करा. वाढवणारे ती बाजू मोकळी ठेवतात, फार तर पाडायला सोपी अशी भिंत घालतात. आपल्याला कशाला पाहिजे तो भित्रेपणा? मोठं काय ते बोरामणीच्या प्रस्तावित विमानतळावर होईल तेव्हा होईल. आणि टाकी पाडायचीच वेळ आली, तर विमान उतरावं म्हणून १५ जून २०२३ला साखर कारखान्याची ९२ मीटरची चिमणी जमीनदोस्त झालेलं गाव आहे ओ हे. टाकी काय चीज आहे?