साबणाच्या वडीत बुडबुडे किती?

निवडणूक जवळ आली की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: "नागरी हक्कांसाठी मारल्या गेलेल्यांची आठवण काढून मतदान करा म्हणणं हा भावनिक दबाव आहे. अमेरिकेत १९६५ साली कायदा झाला, लढा तिथेच संपला. एका मताने काही होत नाही. मत न देणं हाच खरा निषेध."

एकेक मुद्दा व्हर्नन डेमर यांच्या गोष्टीवर घासून बघू. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदानासाठी झटणारे हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते.

"कायदा झाला, लढा संपला." कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवायला बंदी घालणाऱ्या मतदान हक्क कायद्यावर सही झाली ६ ऑगस्ट १९६५ ला. मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गजवळ डेमर यांचं घर कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवाद्यांच्या गुप्त संघटनेने पेटवलं १० जानेवारी १९६६ च्या पहाटे. पाच महिने! किराणा दुकान, लाकडाची गिरणी आणि कापसाची शेती असलेला हा खातापिता माणूस. पण १९४९ मध्ये मतदार म्हणून नव्याने नोंदणी करायला गेला, तर यादीत नाव घातलं नाही. तिथला नोंदणी अधिकारी कृष्णवर्णीयांना विचारायचा, साबणाच्या वडीत बुडबुडे किती? (उत्तर त्यालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर प्रश्नाचा उपयोग काय?) कायदा आल्यावरही राज्याच्या निवडणुकीत मत द्यायचं तर 'पोल टॅक्स' म्हणजे मतदानासाठीचा कर भरावा लागे, दोन डॉलर. डेमर यांनी आपल्या दुकानातच तो भरायची सोय केली आणि ज्यांना जमत नाही त्यांचा मी भरीन, असं रेडिओवरून सांगून टाकलं. मग आग आली. बायकोमुलं मागच्या बाजूने निसटेपर्यंत ते बंदूक चालवत राहिले. फुप्फुसं भाजल्याने इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्याच सैन्यात होते.

"एका मताने काही होत नाही." एका मताने निकाल क्वचितच फिरतो, हे मान्य. पण मतदारयादी फक्त मतपेटीपुरती नसते. मिसिसिपीत ज्युरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळावर, बसायलाही मतदार असावं लागे. यादीत कृष्णवर्णीय नाहीत, म्हणून ज्युरीतही नाहीत. डेमर यांच्या खुनात काही हल्लेखोरांना शिक्षा झाली, पण सूत्रधार सॅम बॉवर्सचे साठच्या दशकातले खटले ज्युरीचं एकमत न झाल्याने बारगळत राहिले. तो दोषी ठरला १९९८ मध्ये, गोरे आणि कृष्णवर्णीय असलेल्या मिश्र ज्युरीसमोर. दरम्यान राज्यातली कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५ च्या सुमारे ७ टक्क्यांवरून दोनच वर्षांत ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती.

"मत न देणं हाच निषेध." क्लानला नेमकं हेच हवं होतं. पुढे बोलायची गरज वाटत नाही.

राहिला "भावनिक दबाव". कुणी डेमर यांचं नाव घेऊन अमुक पक्षाला मत द्या म्हणाला, तर तक्रार रास्त आहे. पण मतदान करा, हे वारसांनी त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य नव्हे. मत दिलं नाही तर तुमची गणतीच नाही, हे ते स्वतःच सांगत आले होते, आणि इतरांचे दोन डॉलरही स्वतःच्या खिशातून द्यायला निघाले होते.