"ताई, सगळं क्लिअर आहे!"

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या शेजारी मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा आहे. पहिलाच गाळा घेतोय म्हणून पेढे घेऊन आला. विचारलं, कागद वकिलाला दाखवलेस का? तर म्हणे, "काकू, नोटरी करतोय ना! एजंट ओळखीचाय."

अरे बाबा, नोटरीच्या शिक्क्याने गाळा नावावर होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. एजंटला हे माहीत नसतं? चांगलं माहीत असतं!

मी पोळी-भाजी केंद्रासाठी आधी जो गाळा पसंत केला होता, त्याचा एजंटही असाच गोडबोल्या. "ताई, सगळं क्लिअर आहे, टोकन देऊन टाका, दुसरी पार्टी तयारच आहे." आमच्या वकीलबाईंनी पालिकेतून मंजूर नकाशाची प्रत काढली, टेबलावर पसरली आणि पेनाचं टोपण एका चौकोनावर टेकवलं. आत लिहिलेलं: पार्किंग. जागेवर शटर, फरशी, विजेचा मीटर, सगळं चकाचक. नकाशात मात्र तिथे स्कूटर उभ्या! स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 सालीच सांगितलंय. एजंटचा चेहरा बघायला हवा होता. म्हणे, "ताई, इतकं कोण बघतं?"

वकिलांतही नग असतात, कबूल. जुन्याच सर्च रिपोर्टवर, म्हणजे जागेची मालकी तपासल्याच्या अहवालावर, नाव बदलून फी उकळणारे आहेत. म्हणून काय डोळे मिटून पैसे मोजायचे? आणि "बँकेने लोन दिलं म्हणजे कागद चोख" असं म्हणणाऱ्यांनो, बँक आपली वसुली बघते, तुमचा धंदा नाही.

पोरावर ओरडले, मग वाईट वाटलं. आईच्या पाटल्या मोडून टोकन जमवलंय त्याने. गिऱ्हाईक सांभाळायचं की इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी), सोसायटीची एनओसी यांच्या मागे पळायचं? शटर बंद ठेवलं की त्या दिवसाचा गल्ला गेला. पण तो पार्किंगचा चौकोन आठवला की परत पारा चढतो. उद्या त्याला वकीलबाईंकडे घेऊन जातेय, येत नसेल तर कान धरून.

आणि हो, "आईच्या नावावर घे, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळेल" असंही त्या पोराला त्याच्या एजंटने सांगितलंय. अहो, बायकांना ती सूट घरावर आहे, गाळ्यावर नाही! दुकान चालवणाऱ्या बाईने काय घोडं मारलंय, ते मात्र सरकारलाच विचारायला हवं. त्यावर वेगळी पोस्ट टाकते, आत्ता पोळ्या व्हायच्यात.