पोरं तयार आहेत, तारीख चुकतेय

परवा एका बारशाला गेले होते, तिथे जेवताना परत तेच ऐकलं. "आजकालची पोरं एनएसएसच्या शिबिराला जातात, फोटो काढतात, 10 मार्क घेतात आणि घरी येतात." तिथे वाद घालायची जागा नव्हती म्हणून गप्प बसले, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी स्वतः एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची आहे, दोन वर्षं पूर्ण केलीत, आणि आता माझी भाची त्याच वयात त्याच कामाला लागलीय, त्यामुळे हे मला लागतं.

आधी मार्कांचं बोलते. पोरं मार्कांसाठी येतात, येऊ देत की! मीपण त्यासाठीच नाव दिलं होतं. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला 37 विद्यापीठांतल्या 40 हजार मुलांवर ही योजना सुरू झाली, आज देशभर लाखो मुलं यात आहेत, त्यातली सगळी काय सेवाभाव घेऊन जन्माला आलेली नसतात. शाळेच्या वर्गात सात रात्री सतरंजीवर झोपून, सकाळी प्रभातफेरी, मग फावडं-घमेलं, दुपारी घरोघरी सर्वे, आणि संध्याकाळी गावातल्या आज्ज्यांसमोर पथनाट्य, हे सगळं केल्यावर येताना मनात असलेलं कारण जाताना तेच राहत नाही. माझं नाही राहिलं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पोरांबद्दल नाही.

आमचं पहिलं शिबिर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका छोट्या गावात होतं, जानेवारीत. ठरलं होतं वनराई बंधारा घालायचा. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, दाभणाने तोंडं शिवायची आणि ओढ्यात त्या गोण्या विटांसारख्या सांधा मोडून रचायच्या, मधे चिकण माती ठासायची. ना मशीन ना इंजिनिअर, पोरं आपल्या हातांनी घालू शकतात. आम्ही तीन दिवस राबलो, हाताला फोड आले, बंधारा इतका सुंदर झाला की त्याच्यासमोर ओळीत उभं राहून आम्ही फोटो काढला. फक्त ओढा कोरडा होता. अक्षरशः कोरडा, तळात दगडगोटे. तिथल्या एका आजोबांनी बांधावर बसून सगळं बघितलं आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, "बैल गेला आन् झोपा केला. पाणी व्हतं तवा यायचं ना, पोरांनो."

त्या एका वाक्याने मला जे कळलं ते दोन वर्षांच्या लेक्चरांनी कळलं नव्हतं.

माणमध्ये जो काही पाऊस पडतो तो मुख्यतः परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमधला. तो ओसरला की ओढ्याला बारीक धार राहते, महिना-दीड महिना. ती धार अडवायची असते. तेव्हा अडवली तर पाणी मागे तुंबतं, आजूबाजूच्या विहिरींत मुरतं, हरभऱ्याला, ज्वारीला एखादं पाणी जास्त मिळतं. लवकर घातला तर मोठ्या पावसात वाहून जातो, उशिरा घातला तर अडवायला काही उरत नाही. म्हणजे कामाला मोजून तीन-चार आठवडे मिळतात. आणि आमची शिबिरं कधी लागतात? सेमिस्टरची परीक्षा उरकली की, डिसेंबर-जानेवारीत. कॉलेजच्या सोयीने. गावाला कुणी विचारतच नाही की बाबांनो, तुम्हाला आमचे हात कधी पाहिजेत.

पुढच्या वर्षी मात्र आमच्या पीओ सरांनी, म्हणजे एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी (ते आजोबा त्यांनाही लागले होते) एक साधी गोष्ट केली. शिबिराचे सात दिवस सोडून वर्षाला 120 तास काम असतं ना, जे एरवी कॅम्पस झाडण्यात आणि रॅलीत जातं, त्यातले काही तास त्यांनी ऑक्टोबरमधल्या दोन रविवारांसाठी काढून ठेवले. आम्ही बावीसच जण होतो, त्याच गावात, त्याच ओढ्यावर, पहाटेची एसटी पकडून गेलो. गावातले सात-आठ जण आपणहून खाली उतरले कारण त्यांना दिसत होतं की आता पाणी आहे. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटची रांग लागली आणि पाणी गोण्यांना टेकून हळूहळू वर यायला लागलं, आम्ही चिखलात बसून ते बघत राहिलो, कुणी काही बोलेना. फेब्रुवारीपर्यंत पाणी होतं तिथे. ज्यांची विहीर शेजारी होती त्या काकूंनी आमच्यासाठी हरभऱ्याचा एवढा मोठा हिरवा भारा पाठवला होता कॉलेजवर.

तीच पोरं, त्याच गोण्या, तोच ओढा. फक्त तीन महिने आधी.

मला वाटतं चांगल्या कामाच्या मागे ही तारखेची समज असतेच. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप आठवा, गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा. 2016 ला पहिल्यांदा कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांत झाला, पहिला नंबर आमच्याच जिल्ह्यातल्या वेळूचा आला. पुढे 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस ठरले. एवढ्या उन्हात का, तर डोंगरउतारावरचे चर पावसाआधीच खोदून व्हायला पाहिजेत. 2018 च्या 1 मे ला शहरातली किती तरी पोरं महाश्रमदानाला गावोगाव गेली, मीही गेले, सकाळी नऊला टिकाव हाताला चटका देत होता. त्यातलं किती पाणी खरंच मुरलं यावर जाणकारांत वाद आहेत आणि ते व्हायलाच पाहिजेत, पण काम कधी करायचं हे तिथे पावसाने ठरवलं होतं, परीक्षेच्या टाइमटेबलने नाही.

22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर घ्या. माझा मावसभाऊ कराडहून मित्रांबरोबर टेम्पोत फावडी, घमेली आणि गमबूट घालून गेला होता. तो सांगतो, ते ज्या गल्लीत होते तिथे बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे पडून होते, आणि घराघरात गुडघाभर गाळ. ओला आहे तोवर गाळ फावड्याने निघतो, दोन-तीन दिवस ऊन लागलं की तो जमिनीला धरून बसतो, मग टिकावाने फोडावा लागतो. एका म्हातार्‍या बाईंनी त्याला सांगितलं, मला खायला नको रे, माझं स्वयंपाकघर मोकळं करून दे. ते चौघं दिवसभर त्या एका घरात राबले. रील काढली नाही, काढली असती तरी माझी हरकत नव्हती, कारण ती बघून अजून चारजण फावडं घेऊन आले असते.

झाडांचं तर विचारूच नका. 5 जूनला पर्यावरण दिन म्हणून रोप लावायचं, आमच्याकडे तेव्हा धड पाऊसही सुरू झालेला नसतो. खड्डे मे मध्ये घ्यावेत, चांगला पाऊस लागला की रोप लावावं, आणि खरं काम पुढचे दोन उन्हाळे पाणी घालायचं. मार्च-एप्रिलमध्ये कॅन घेऊन टेकडीवर चढणारी पोरं मी बघितलीत, त्यांना कुठलंच प्रमाणपत्र मिळत नाही.

म्हणून माझं सरळ मागणं आहे. प्राचार्यांना, पीओंना, विद्यापीठात जे ठरवतात त्यांना. दत्तक गाव दरवर्षी बदलू नका, निदान पाच वर्षं एकच ठेवा. जूनमध्येच सरपंचांबरोबर, आणि सरपंचांइतकंच बचत गटातल्या बायकांबरोबर बसा, त्यांना विचारा की कुठलं काम कुठल्या महिन्यात, आणि 120 तास तसे वाटा. सात दिवसांचं शिबिर डिसेंबरमध्येच घ्यायचं असेल तर घ्या, पण मग त्यात शोषखड्डे करा, शाळा रंगवा, सर्वे करा, ज्याला पाण्याची वाट बघावी लागत नाही असं काम करा.

भाचीच्या युनिटने यंदा ऐकलंय. येत्या रविवारी ती सगळी ओढ्यावर जातायत. बांधकामांवर फिरून फिरून 400 गोण्या जमवल्यात, सुतळीचे गुंडे एका दुकानदाराने असेच दिले. दाभण मात्र तीनच आहेत आणि शिवणारे हात तीस. सातारा-दहिवडी बाजूला कुणाकडे जुनं दाभण पडलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, शनिवारी संध्याकाळपर्यंत मी स्वतः येऊन घेऊन जाईन.