काळी रेघ, पांढरा थर

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३च्या वर जातो, गॅलरीतलं धुणं बघता बघता कडकडीत वाळतं आणि कडक भाकरी तर दिवसचे दिवस टिकते. अशा गावात बुरशीनं खरं म्हणजे उपाशी मरायला पाहिजे. पण बाथरूममध्ये शॉवरखाली, भिंत आणि फरशीच्या सांध्यात भरलेल्या रबरासारख्या सिलिकॉनवर काळी रेघ होऊन ती ऐसपैस बसलेली असते. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, म्हणून बॅरल, बादल्या, घागरी, जे भरता येईल ते भरून आतच ठेवलेलं. वर धूळ आणि झळ नको म्हणून खिडकी कायमची बंद. उजनीचं पाणी माणसाला वेळापत्रकानं आणि बुरशीला चोवीस तास.

तिचं जेवण सिलिकॉन नव्हे. साबणाचा मेणचट थर, अंगाचं तेल, मेलेली कातडी यांवर ती जगते. म्हणजे तिला रोज आपणच वाढतो, तेही चोळून चोळून.

आता आपल्याकडची खास अडचण. बोअरचं पाणी जड, त्यामुळं काळ्या रेघेच्या शेजारी क्षारांचा पांढरा थर असतोच. पांढऱ्याला ॲसिड लागतं, काळ्याला ब्लीच. घरोघरी कुणीतरी कामसू माणूस असतोच, जो म्हणतो, दोन्ही एकदमच टाकू, काम लवकर होईल. होतं ना, पण आपलं! टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खिडकीच्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. दोन्ही कामांत एक दिवस जाऊ द्या आणि मधे भरपूर पाणी ओता. खाली शहाबादी फरशी असेल तर ॲसिडचं नावच नको. तो चुनखडीचा दगड, फसफसतो आणि झिजतो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कोरोनात गल्लोगल्ली फवारलं ते हायपो. घरगुती बाटलीत साधारण ४ ते ५ टक्के असतं. उन्हानं त्याचा दम जातो, तेव्हा दुकानाच्या दारात वर्षभर ऊन खात बसलेली बाटली म्हणजे वासाचं पाणी. तारीख बघून घ्या. नुसतं ओतलं तर ते घरंगळून जाळीत जातं. कापसाची लांब वात वळा, ब्लीचमध्ये भिजवा, सिलिकॉनवर दाबून बसवा, वर प्लास्टिकची पट्टी लावा आणि तीन-चार तास विसरा. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि अंगावर चांगला कपडा ठेवू नका. सोलापुरी चादरीचा रंग कितीही पक्का असो, ब्लीचपुढं कुणाचंच चालत नाही.

वात काढल्यावर रेघ पांढरी झाली तर सुटलात. काळे ठिपके आतून, काचेखालून दिसावेत तसे दिसत असतील तर बुरशी सिलिकॉनच्या आत किंवा मागे गेली आहे. मग घासणी, लिंबू, खायचा सोडा, व्हॉट्सॲपवरच्या मावशींचा उपाय, सगळं व्यर्थ. कापून काढायचं.

इथं मिस्त्री हमखास सांगतो, ‘काढायला कशाला पाहिजे की, वरूनच एक हात मारतो.’ त्याला चहा पाजा आणि नको म्हणा. सिलिकॉनला सिलिकॉन चिकटत नाही. महिन्या-दोन महिन्यांत वरची पट्टी सालपटासारखी निघते. कटर आधी भिंतीलगत, मग फरशीलगत चालवा, पट्टी ओढा. उरलेला चिकट पापुद्रा खरवडा आणि स्पिरिटनं पुसा. मग ओला हात फिरवा. पाणी न पसरता जिथं थेंब धरून बसेल, तिथं जुनं अजून आहे.

सांधा २४ तास वाळला पाहिजे आणि नवं भरल्यावर पुन्हा २४ तास पाणी नको. आपलं पाण्याचं वेळापत्रक इथं प्रथमच कामाला येतं. पाणी येऊन गेलं की संध्याकाळी कापा, दुसरा दिवस वाळू द्या, संध्याकाळी भरा, तिसरा दिवस सोडा. घरातल्यांच्या आंघोळी तेवढ्यापुरत्या शेजारी. गंमत म्हणजे सिलिकॉन घट्ट होतं ते हवेतला ओलावा पिऊन. ओल्या सांध्याला ते चिकटत नाही आणि अगदी कोरड्या हवेत सावकाश धरतं. जावयाइतकंच अवघड.

नळी २८० मिलीची, सॅनिटरी, बुरशीरोधक घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त असतं, पण शहाबादी किंवा संगमरवराला ते चालत नाही. तिथं न्यूट्रल, म्हणजे तो आंबट वास नसलेलं, मागा. टोक तिरकं, ५-६ मिलिमीटरवर कापा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाचं बिघडतं. टेप लगेच ओढा. साय धरल्यावर ओढली तर कडाही सोबत येते.

अर्धी नळी उरते. ती पुढच्या वेळेसाठी माळ्यावर जाते आणि तिथं रबर होते.

पुढं रोज आंघोळीनंतर वायपर, दार उघडं, पंखा असेल तर पंधरा मिनिटं. आणि तो जाडजूड टॉवेल ओला बाथरूमच्या दारावर टाकायचा नाही. बाहेर ४३ डिग्री फुकट आहे.