‘फेडरलला वाचला म्हणजे स्टेटलाही वाचला’? तसं नाही

जानेवारीअखेर डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे आणि कापलेल्या टॅक्सचे कंपनीकडून येणारे फॉर्म) हातात पडले की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘रिटायरमेंट खात्यात टाकलेल्या पैशांवर फेडरल (केंद्राचा) आणि स्टेट (राज्याचा), दोन्ही टॅक्स वाचतात. काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) नियम बदलला की राज्यांना तो आपोआप लागू होतो. आणि नोकरी ज्या राज्यात केली, ते राज्य पुढे कुठेही गेलात तरी पेन्शनवर टॅक्स घेतंच.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि पहिल्याने तर खिशाला थेट चाट बसते.

पेनसिल्व्हेनिया घ्या. पगार १ लाख डॉलर, त्यातले १० हजार ४०१(के)मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात. डब्ल्यू-२च्या पहिल्या चौकटीत, फेडरलसाठी, ९० हजार दिसतात; सोळाव्या चौकटीत, राज्यासाठी, पूर्ण १ लाख. हा पेरोलचा घोळ नाही. त्या १० हजारांवर राज्य आत्ताच ३.०७ टक्के, म्हणजे ३०७ डॉलर घेतं आणि निवृत्तीनंतर काढलेल्या रकमेला हात लावत नाही.

न्यू जर्सीची तऱ्हा वेगळी. तिथे ४०१(के)ला १९८४पासून सूट आहे. ४०३(बी) (शाळा-विद्यापीठांतलं निवृत्ती खातं), ४५७ (मुख्यतः सरकारी नोकरांचं) आणि आयआरएला (आपण स्वतः उघडलेलं) नाही. माझं खातं ४०१(के), बायको विद्यापीठात, तिचं ४०३(बी). एकाच रिटर्नवर दोन नियम! तिने टाकलेल्या पैशांवर राज्याचा टॅक्स भरून झालाय, त्यामुळे ते काढताना तेवढ्या भागावर पुन्हा भरायचा नसतो. पण तेव्हा येणाऱ्या १०९९-आरवर (काढलेल्या रकमेच्या फॉर्मवर) फेडरलच्या हिशेबाने सगळीच रक्कम करपात्र दिसते. तोच आकडा राज्याच्या रिटर्नवर उतरवला की एकाच पैशावर दोनदा टॅक्स. किती भरलंय याचा हिशेब आपणच ठेवायचा असतो. म्हणून तिचे सगळे डब्ल्यू-२ आम्ही एका फायलीत लावलेत. बाराव्या चौकटीत ‘ई’ अक्षरापुढे ४०३(बी)त टाकलेल्या रकमेचा जो आकडा असतो, तोच आमचा पुरावा. कृपा करून जुने कागद फाडू नका.

आता ‘आपोआप लागू’. राज्याचा आयकर राज्याचं विधिमंडळ ठरवतं. काही राज्यं फेडरल कायदा बदलेल तसतशी बदलतात, काही एका तारखेच्या कायद्याला बांधलेली असतात. कॅलिफोर्निया कित्येक वर्षं १ जानेवारी २०१५वर थांबलेलं होतं. तरीही खात्यातून सक्तीने पैसे काढायचं वय साडेसत्तरवरून ७२ आणि पुढे ७३ झालं, ते तिथेही लागू झालं. कारण निवृत्ती योजनांचे फेडरल नियम बदलतील तसे घ्यायचे, असं त्यांच्याच कायद्यात लिहिलंय. दंड मात्र स्वतःचा: मुदतीआधी पैसे काढले तर फेडरलच्या १० टक्क्यांवर आणखी २.५ टक्के.

तिसऱ्या विधानाच्या, म्हणजे जुनं राज्य पेन्शनवर टॅक्स घेतंच याच्या धास्तीने लोक टेक्सासला (जिथे राज्याचा आयकरच नाही) जायचं लांबणीवर टाकतात, याचं वाईट वाटतं. राज्य सोडून गेलेल्यांच्या पेन्शन, ४०१(के), आयआरएवर टॅक्स लावायला फेडरल कायद्यानेच १९९६पासून राज्यांना मनाई आहे. स्टॉक ऑप्शन यात येत नाहीत. आणि घर, कुटुंब, लायसन्स जुन्याच राज्यात ठेवून नुसता पत्ता टेक्सासचा दिला, तर या मनाईचा आधार घेता येत नाही.