मठ मिटला, इमारत उरली

देवस्थाने आणि सरकार हा वाद महाराष्ट्रात पेटला की कोणीतरी आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक केमाल पाशा याचे नाव काढतोच; एका फटक्यात त्याने मठ बंद केले, मग आपल्याला का जमू नये, असा त्याचा सूर असतो. त्या फटक्याचे पुढे काय झाले हे मी राहतो त्या इस्तंबूलमध्ये, गलाता भागातल्या मौलवी (मेव्लेवी) दर्वेशांच्या, म्हणजे गिरक्या घेत उपासना करणाऱ्या, सूफी कवी रूमींच्या पंथातल्या फकिरांच्या, मठात नीट दिसते.

दुसऱ्या बायेझिद सुलतानाच्या काळात, 1491 मध्ये, इस्केंदर पाशाच्या शिकारीच्या जागेवर हा मठ उभा राहिला. 1765 च्या आगीत तो जळाला आणि पुन्हा बांधला गेला. 1791 मध्ये कवी शेख गालिब गादीवर आले, तेव्हा तिसऱ्या सेलिम सुलतानाचा वरदहस्त त्यांच्यावर होता. म्हणजे ही गादी दरबारापासून अलिप्त नव्हती, आणि मठांना हिशेब विचारणे गैर होते असे मला मुळीच वाटत नाही. पण 1925 मध्ये नक्शबंदी या दुसऱ्या सूफी पंथाच्या एका शेखाने बंड केले आणि त्याच वर्षी 677 क्रमांकाच्या कायद्याने सगळ्याच पंथांच्या मठांना टाळे लागले. त्यात हे मौलवीही आले.

नुकसान कुठे झाले, हे त्यांची शिकवण पाहिल्यावर कळते. नवशिक्याने 1001 दिवस मठाच्या मुदपाकखान्यात सेवा करायची. फळीवर ठोकलेला खिळा डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून गिरकी घोटायची. हे शिक्षण मठाच्या घरात राहूनच होणारे होते, त्यामुळे घर गेले तशी घडणही गेली. 1975 पासून तिथे संग्रहालय आहे.

आपल्याकडे 1973 च्या कायद्याने पंढरपूरच्या मंदिराचा कारभार बडवे-उत्पातांकडून काढला, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वारीला त्याने धक्का लागला नाही, कारण ती दिंड्यांनी आणि फडांनी जपलेली आहे. देवळाच्या किल्ल्या कोणाकडे यावर ती कधीच अवलंबून नव्हती. केमालचा दाखला देणारे कारभार काढून घेणे आणि परंपरेची शाळाच मोडणे यांत गल्लत करतात. तुर्कस्तानात तर तो कायदा आजही कायम आहे, आणि दर डिसेंबरला कोन्यात रूमींच्या पुण्यतिथीच्या गिरक्या पाहायला सत्ताधारी पुढच्या रांगेत बसतात.