रॅम भरलेली असणं हा बिघाड नाही

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बागायतदारांच्या आणि मच्छीमारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "रॅम भरली की मोबाईल मरतो. दर तासाला सगळी ॲप उडवा, क्लीनर टाका, व्हर्च्युअल रॅम 8 जीबी करा, 4 चा मोबाईल 12 चा होईल." यातलं एकेक वाक्य तपासू, कारण सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचाही आहे.

"रॅम भरली की मोबाईल मरतो." रॅम म्हणजे चालू कामांपुरती तात्पुरती जागा; फोटो, व्हिडिओ, ॲप कायम राहतात ते स्टोरेज. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स कर्नल, म्हणजे फोनची मेमरी वाटून देणारा मूळ प्रोग्राम, आहे आणि त्याच्या लेखी रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. वापरून झालेली ॲप तो मुद्दाम रॅममध्ये राहू देतो, म्हणजे पुन्हा चटकन उघडतात. जागा कमी पडली की स्टोरेजवरून परत वाचता येईल असा भाग, उदाहरणार्थ ॲपचा कोड, टाकून देतो. जो परत मिळणार नाही तो आवळून (कॉम्प्रेस करून) झेडरॅममध्ये ठेवतो, पावसाळ्यासाठी सुकट डब्यात दाबून भरावी तसा. झेडरॅम हा रॅमचाच राखलेला तुकडा. तरीही भागलं नाही तर लो मेमरी किलर उठतो: मागे निपचित पडलेली ॲप आधी बंद करतो, समोर उघडं असलेलं सगळ्यात शेवटी. अँड्रॉइड 10 पासून तो नुसती उरलेली रॅम बघत नाही, मेमरीसाठी कामं किती वेळ खोळंबतात तेही मोजतो.

"दर तासाला सगळी ॲप उडवा." उडवलेलं ॲप पुन्हा शून्यातून सुरू होतं, त्यात प्रोसेसर आणि बॅटरी जास्त खर्च होते. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. काही कंपन्यांच्या फोनवर ॲप सरकवून उडवणं म्हणजे जवळपास फोर्स स्टॉपच, ॲप पुरतं बंद पाडणं, आणि फोर्स स्टॉप केलेल्या ॲपला आपण ते स्वतः उघडेपर्यंत सूचना पोचत नाहीत. मे महिन्यात वळवाचे ढग दाटलेले असताना आंबा उतरवायला माणसं झाडावर असतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारं ॲप आहे. ते 'साफसफाईत' उडवू नका, कृपा करून.

"क्लीनर टाका." क्लीनर म्हणजे इतर ॲप बंद करून रॅम मोकळी करतो म्हणणारं ॲप. पण अँड्रॉइड 14 पासून एका ॲपला दुसऱ्याच्या बॅकग्राउंड प्रोसेस, म्हणजे मागे चालू असलेली कामं, मारताच येत नाहीत. मग उरतात त्या जाहिराती.

"4 चा मोबाईल 12 चा." व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचा तुकडा स्वॅप म्हणून, म्हणजे रॅममध्ये न मावणारं ठेवायची जागा म्हणून, वापरणं. रॅमचा प्रतिसाद नॅनोसेकंदांत मोजतात, फ्लॅश स्टोरेजचा मायक्रोसेकंदांत. फरक शेकडो पटींचा. शिवाय फ्लॅशवर सतत लिहिलं की ती झिजते, आणि म्हणूनच मूळ अँड्रॉइड स्टोरेजवर स्वॅप करत नाही. मागची एक-दोन ॲप थोडी जास्त टिकतील, हे खरं. पण 8 जीबी स्टोरेज जाईल, आणि 64 जीबीच्या फोनवर ती किंमत मोठी आहे. आयफोनही मेमरी आवळतो आणि जागा संपली की ॲप बंद करतो, स्टोरेजवर स्वॅप करत नाही. ॲपलने स्वॅप दिला तो 2022 मध्ये, आयपॅडओएस 16 मध्ये, आणि तोही एम1 सारखी ताकदवान चिप असलेल्या आयपॅडना.

फोन खरंच रखडत असेल तर आधी स्टोरेज बघा. ग्रुपांवरून आलेले व्हिडिओ काढा, न लागणारी ॲप अनइन्स्टॉल करा, अधूनमधून फोन रीस्टार्ट करा. एकच ॲप सारखं अडकत असेल तर त्याचं अपडेट बघा. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड तर आजच बंद करा.